गाढवाखालून जा, खोकला पळवा! आयर्लंडच्या खेड्यांतला आजीबाईचा बटवा

डांग्या खोकला झालाय? गाढव शोधा. गालगुंड झालंय? तरीही गाढवच लागेल, निदान त्याचा लगाम तरी. रांजणवाडी आलीय? काटे मोजायला घ्या. भाजलंय? ज्यानं आयुष्यात एकदा तरी पाल चाटली आहे, असा माणूस गाठा.

शंभरेक वर्षांपूर्वी आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत हे सल्ले पूर्ण गांभीर्यानं दिले जात. डॉक्टर लांब, त्याची फी खिशापासून त्याहून लांब. पण पंचक्रोशीत कुणा ना कुणाकडे ‘क्युअर’ हमखास असे. ‘त्याच्याकडे क्युअर आहे’ असं तिथे आजही म्हणतात. एकाकडे नागिणीचा उतारा, दुसरीकडे चामखिळीचा, तिसऱ्याकडे मुरगळीचा. यातले काही उपाय निव्वळ करमणूक आहेत, काही थेट प्रयोगशाळेपर्यंत पोचले आणि काही जिवावर बेतले. चला, या बटव्याची नाडी सोडू.

१. यादी कुणी विस्कटली?

आयरिश पुराणकथांत डियन केख्त हा देवांचा वैद्य. राजा नुआडाचा हात लढाईत तुटला, तेव्हा यानं त्याला चांदीचा हात बसवून दिला. पण त्याचा मुलगा मीआख बापाच्या वरताण निघाला. त्यानं राजाचा मूळ हातच जागच्या जागी जोडून दाखवला. बापाचा जळफळाट झाला आणि त्यानं पोटच्या पोराला मारून टाकलं. मीआखच्या थडग्यावर ३६५ औषधी वनस्पती उगवल्या. बहीण एरमेडनं आपला झगा पसरला आणि कोणती वनस्पती कशावर चालते, त्याप्रमाणे त्या ओळीनं मांडल्या. तेवढ्यात बाप आला आणि त्यानं सगळ्यांची सरमिसळ करून टाकली. म्हणून म्हणे आजतागायत कुठल्याही वैद्याला सगळ्या औषधांचे गुण ठाऊक नाहीत! औषध लागू पडलं नाही, तर दोष कुणाला द्यायचा याचीही सोय झाली.

२. आजाऱ्याजवळ डुकरं ओरडता कामा नयेत

सातव्या-आठव्या शतकातले आयरिश ब्रेहन कायदे आजाऱ्याच्या बाबतीत भलतेच हळवे होते. तुम्ही एखाद्याला बेकायदा जखमी केलंत, तर त्याच्या शुश्रूषेचा भार तुमच्यावर. आणि जिथे तो पडून आहे त्या घराचे नियम काय? आत मूर्खांना प्रवेश नाही, शत्रूंना नाही. कुत्र्यांची झुंज लावायची नाही, पोरांना धोपटायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, आणि डुकरांच्या गुरगुराटाचाही त्रास होता कामा नये.

वैद्यकाच्या दुसऱ्या एका कायद्यात जखमेचं माप धान्याच्या दाण्यांनी घेतलं आहे. दाणा कोणता, हे जखमीच्या प्रतिष्ठेवर ठरे. राजाच्या जखमेला गव्हाचे दाणे, उतरत्या पायऱ्यांवर वाटाणे आणि घेवड्याचे. दाणा लहान असला की संख्या वाढते, तेव्हा तेवढ्याच खोलीची जखम राजाला झाली तर ती आपोआप ‘मोठी’! हिशेबात मुरलेल्या माणसानंच हा नियम केलेला दिसतो.

३. गाढव, बालरोगतज्ज्ञ

डांग्या खोकल्यावरचा सर्वांत गाजलेला उपाय असा: गाढवाच्या एका बाजूला एक मोठं माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरं. मुलाला गाढवाच्या पोटाखालून पलीकडे द्यायचं आणि पाठीवरून परत घ्यायचं. असं तीनदा. गाढवच का? त्याच्या पाठीवर केसांची क्रुसासारखी गडद खूण असते; येशू ख्रिस्त गाढवावर बसून जेरुसलेमला गेला त्याची ती आठवण, अशी श्रद्धा.

गालगुंडाला तर आजारी मुलाच्याच तोंडावर गाढवाचा लगाम चढवत आणि त्याला ओढ्यापर्यंत ओढत नेऊन पाणी पाजत. काही गावांत मुक्काम ओढ्याऐवजी डुकराच्या खुराड्याशी. तिथे सुजलेले गाल डुकराच्या पाठीला घासून ‘तुझं दुखणं तूच घे बाबा’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटायचं.

गंमत पुढेच आहे. आयर्लंडच्या खेड्यांत गाढवं सर्रास दिसू लागली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा’ हा उपाय फार तर सात-आठ पिढ्यांचा.

४. पांढऱ्या घोड्यावरचा वाटसरू

गाढव नसेल, तर घोडा चालेल. पांढऱ्या घोड्यावरून कुणी जाताना दिसला की त्याला थांबवायचं आणि विचारायचं, ‘डांग्या खोकल्यावर काय करू?’ तो जे सांगेल तेच औषध. त्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नसलं तरी! पांढरा घोडा पाळणाऱ्या माणसाला रस्त्यानं जाताना उत्तरं तयारच ठेवावी लागत असणार.

तिसरा पर्याय: माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच असलेली बाई शोधायची आणि तिच्या घरून ब्रेडचा तुकडा मागून आणायचा. चौथा पर्याय: फेरेट नावाचा जो लांबुडका प्राणी ससे पकडायला पाळतात, त्यानं पिऊन उरलेलं दूध मुलाला द्यायचं.

डांग्या खोकला चांगले दोन-तीन महिने छळतो आणि पुष्कळदा हळूहळू आपसूक ओसरतो. त्यामुळे आठव्या-दहाव्या आठवड्यात जो उपाय केला असेल, श्रेय त्याला. गाढवाला मिळालं काय किंवा फेरेटला! तान्ह्या बाळांच्या मात्र हा खोकला जिवावर उठतो आणि तिथे लसच लागते.

५. सातव्या मुलाची गांडूळ-परीक्षा

ओळीनं सात मुलगे झाले, मध्ये एकही मुलगी नाही, तर सातव्याच्या हातात गुण असतो. आणि तो सातव्या मुलाचाच सातवा मुलगा असला, तर मग विचारायलाच नको. पण नुसत्या जन्मावर विश्वास ठेवतील तर ते आयरिश शेतकरी कसले? बाळाच्या मुठीत जिवंत गांडूळ ठेवत. गांडूळ मेलं, तर बाळ पास. पुढे त्या हाताच्या स्पर्शानं गजकर्णासारखे आजार बरे होतात, असं मानलं जाई.

वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाकडे वेगळं खातं होतं. एखाद्या तान्ह्याचं तोंड आलं की या मुलानं त्याच्या तोंडात फुंकर घालायची. काही घराण्यांच्या तर रक्तालाच गुण! किओ, वॉल्श अशा आडनावांच्या माणसाच्या रक्ताचे थेंब त्वचेच्या लालभडक जळजळत्या रोगावर लावत.

६. पाल चाटा, डॉक्टर व्हा

आयर्लंडमध्ये साप नाहीत हे प्रसिद्ध आहे. जमिनीवर राहणारा अस्सल देशी सरपटणारा प्राणी तिथे एकच, छोटी रानपाल. तिचं पोट जिभेनं चाटलं की त्या जिभेत भाजल्याची जखम बरी करण्याची शक्ती येते, ती जन्मभरासाठी, असा समज होता. मग गावात कुणाला भाजलं की या माणसाला बोलावणं जाई आणि तो जखम चाटे.

पालीचं आणि पाणथळीतल्या न्यूट या पालीसारख्या जीवाचं एक भुताळी भावंडही लोककथांत आहे. त्याचं नाव अल्प लुआखरा. उघड्यावर झोपलेल्या माणसाच्या घशातून ते पोटात उतरतं आणि त्याचं खाणं फस्त करतं. माणूस खातो भरपूर, पण वाळत जातो. उपाय? खारवलेलं मांस पोटभर खायचं, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही आणि ओढ्याच्या काठी तोंड उघडं टाकून पडायचं. तहानेनं व्याकुळलेलं बिऱ्हाड स्वतःहून बाहेर उडी मारतं. ही कथा १८९० साली डग्लस हाइड यांनी आपल्या लोककथासंग्रहात छापली. हेच हाइड १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

७. चामखीळ दुसऱ्याच्या गळ्यात

चामखिळीवर जितके उपाय, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर असतील. बिनशंखाची काळी गोगलगाय चामखिळीवर घासायची आणि काटेरी झुडपाच्या काट्याला टोचून ठेवायची. ती वाळेल तसतशी चामखीळ वाळत जाणार. दुसरा उपाय थोडा आपमतलबी. जितक्या चामखिळी तितके खडे पुडीत बांधायचे आणि चव्हाट्यावर टाकून यायचे. जो कुणी कुतूहलानं पुडी उचलेल, चामखिळी त्याच्या.

आणखी एक उपाय म्हणजे दगडातल्या नैसर्गिक खळग्यात साचलेलं पाणी. मात्र ते शोधायला निघालात तर गुण येत नाही. वाटेनं जाता जाता अवचित दिसायला हवं.

चामखीळ विषाणूमुळे येते आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत उपायांविनाच जाते. ज्याला घाई नाही, त्याच्यासाठी सगळेच उपाय रामबाण.

८. नऊ काटे आणि दहावा

रांजणवाडीसाठी गूजबेरीच्या झुडपाचे दहा काटे तोडायचे. नऊ काटे एकेक करून डोळ्याच्या दिशेनं रोखायचे आणि दहावा टाकून द्यायचा. डोळ्याला लावायचा नाही, हे सुज्ञपणाचं. सोन्याची लग्नातली अंगठी फिरवणं हा त्यातला सौम्य पर्याय.

तीन आणि नऊ हे आकडे या सगळ्या उपचारांत पुन्हा पुन्हा येतात. वारही ठरलेले असतात: पुष्कळ ठिकाणी सोमवार आणि गुरुवार. ‘सोमवार, गुरुवार आणि पुन्हा सोमवार असं तीनदा ये’ असं उपचार करणारा आजही सांगतो.

९. पेलाभर पीठ, छातीभर चिंता

कॅव्हन-लीट्रिमच्या भागात ‘हार्ट फीव्हर’ नावाचं एक दुखणं होतं. जीव घाबरा होणं, उदास वाटणं, कशातच मन न लागणं. पेल्यात ओटचं पीठ काठोकाठ भरायचं, वर फडकं घट्ट बांधायचं आणि प्रार्थना पुटपुटत तो पेला रोग्याच्या छातीला आणि पाठीला तीनदा दाबायचा. फडकं सोडलं की पीठ एका बाजूनं खचलेलं दिसे. जेवढा खळगा, तेवढा आजार! त्याच पिठाची भाकरी करून रोग्यानं खायची आणि ठरल्या दिवशी परत यायचं. तीन फेऱ्यांत खळगा लहान होत गेला की माणूस बरा.

पीठ दाबलं की बसतंच, हे कुठलीही गृहिणी सांगेल. पण कुणीतरी तीन वेळा शांतपणे तुमच्यासाठी वेळ काढतं आणि ‘आता कमी आहे हं’ असं सांगतं, याचा गुण येत असणार.

१०. बिडी अर्लीची निळी बाटली

क्लेअर काउंटीतल्या फीकल गावच्या बिडी अर्लीची (सुमारे १७९८ ते १८७४) कीर्ती अशी की लोक कोसोकोस चालत तिच्याकडे येत. तिच्याकडे एक निळी बाटली होती. तिच्यात पाहून ती भविष्य आणि औषध दोन्ही सांगते, असं लोक म्हणत. पाद्री तिच्यावर खार खाऊन. १८६५ साली तिला एनिसच्या न्यायालयात खेचलं, तेही १५८६च्या जादूटोणा कायद्याखाली! साक्ष द्यायला माणसं मिळेनात आणि खटला बारगळला. तिनं लग्नं चार केली. फी म्हणून पैशांऐवजी खाण्याच्या वस्तू आणि व्हिस्की चाले, त्यामुळे घरी पाहुण्यांची वर्दळ असे.

मेल्यावरही तिचा दरारा संपला नाही. क्लेअरच्या संघानं हर्लिंग या खेळाची अखिल आयर्लंड स्पर्धा १९१४ साली जिंकली आणि नंतर थेट १९९५ साली. मधल्या ८१ वर्षांच्या दुष्काळाचं खापर बिडीच्या शापावर फुटलं. ती वारली १८७४ साली आणि या खेळाची संघटना स्थापन झाली १८८४ साली. पण शाप द्यायला मैदानावर हजर असावंच लागतं असं कुणी म्हटलंय?

११. ऑस्कर वाइल्डच्या घरचं वाचन

नामवंत नाटककार ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम वाइल्ड डब्लिनमधले डोळ्यांचे आणि कानांचे निष्णात शल्यचिकित्सक. खेड्यातून येणाऱ्या गरीब रुग्णांकडून ते फीऐवजी गोष्टी आणि गावठी उपाय ऐकून घेत, असं सांगतात. १८५२ साली त्यांनी आयरिश लोकसमजुतींवर पुस्तक काढलं. त्यांच्या निधनानंतर पत्नी लेडी वाइल्ड यांनी १८९० साली आयर्लंडचे जुने उपचार, मंत्र आणि रूढी यांवर वेगळं पुस्तक प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि मंत्रतंत्र एकाच घरात सुखानं नांदत होते.

१२. वेड्यांची दरी

आयर्लंडमध्ये पवित्र विहिरी सुमारे तीन हजार आहेत आणि बहुतेकींना खातं नेमून दिलेलं आहे. कुणी डोळ्यांची, कुणी दातांची, कुणी डोकेदुखीची. सूर्याच्या दिशेनं प्रदक्षिणा घालायच्या, पाणी प्यायचं, जवळच्या झाडाला कापडाची चिंधी बांधायची. चिंधी कुजेल तसं दुखणं जाईल. विहिरीत मासा दिसला, तर काम फत्ते!

केरी काउंटीतली ग्लेनागाल्ट ही दरी मनाच्या आजारांसाठी प्रसिद्ध. भ्रमिष्ट माणसं तिथे येत, विहिरीचं पाणी पीत, तिथला वॉटरक्रेस नावाचा पाला खात आणि शांत होत, अशी आख्यायिका. अलीकडे या पाण्याची तपासणी झाली तेव्हा त्यात लिथियम सापडलं. मनोविकारांवर डॉक्टर जे देतात तेच. प्रमाण मात्र इतकं सूक्ष्म की औषधाची एक मात्रा मिळवायची तर हजारो लिटर पाणी प्यावं लागेल.

१३. उशीखाली चमचाभर माती

उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीत बोहो नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारातली चमचाभर माती कापडात बांधून उशीखाली ठेवायची आणि चौथ्या दिवशी परत आणून टाकायची, अशी जुनी रीत. माती परत केली नाही तर अनिष्ट होतं, असा धाक. १८१५ साली वारलेले धर्मगुरू जेम्स मॅकगिर यांनी म्हणे सांगून ठेवलं होतं, की जिवंतपणी माझ्या हातानं जे बरं होत होतं, ते मेल्यावर माझ्या थडग्यावरची माती बरं करेल.

२०१८ साली वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधक गटानं या मातीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गटातल्या एका शास्त्रज्ञाचं बालपण याच भागात गेलेलं. मातीत स्ट्रेप्टोमायसिस प्रजातीतला नवा जिवाणू निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनं धोक्याच्या यादीत वर ठेवलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या सहा जंतूंपैकी चार जंतूंची वाढ त्यानं प्रयोगशाळेत रोखली. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालं होतं. उशीखालच्या मातीनं माणूस बरा होतो, हे यातून सिद्ध होत नाही. पण माती तपासण्याजोगी होती, एवढं गावकऱ्यांनी बरोबर ओळखलं.

१४. शेवाळाचे दोन पराक्रम

आयर्लंडच्या दलदलींत स्फॅग्नम नावाचं शेवाळ गालिच्यासारखं पसरलेलं असतं. वाळवलं की स्वतःच्या वजनाच्या वीसेक पट द्रव शोषतं आणि त्याच्या आम्लपणामुळे जंतूंना त्यात थारा मिळत नाही. खेडूत ते जखमांवर बांधत. पहिल्या महायुद्धात कापसाची चणचण भासली तेव्हा डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्वयंसेवकांनी याच शेवाळाची लाखो ड्रेसिंगं तयार करून आघाडीवर धाडली.

दुसरा पराक्रम समुद्रातला. कॅरगीन नावाचं तांबूस समुद्रशेवाळ दुधात उकळून खोकल्यावर पाजत. दूध थंड झालं की खिरीसारखं दाटतं. या दाटपणामागचा पदार्थ कॅरगीनन, म्हणजे आज आइस्क्रीमच्या वेष्टणावर ई-४०७ या सांकेतिक क्रमांकानं छापला जातो तो. खोकल्याचं औषध गोठवून विकलं जाईल, अशी कल्पना किनाऱ्यावरच्या आजींनी केली नसेल!

१५. दगडी घामघर

संधिवातावर ‘स्वेटहाउस’. माणूस जेमतेम वाकून शिरेल एवढी दगडी खोपी. अशा सर्वाधिक खोप्या लीट्रिम काउंटीत आहेत. आत पीट या दलदलीतल्या जळणाचा विस्तव तासन्‌तास पेटवून दगड तापवायचे, निखारे बाहेर ओढायचे, जमिनीवर लव्हाळं अंथरायचं आणि कपडे उतरवून आत शिरायचं. दार बंद. घामाच्या धारा लागल्या की बाहेर पडून थेट शेजारच्या गार ओढ्यात डुबकी.

घाम गाळण्याची ही आवड आयर्लंडनं पुढेही जपली. डॉ. रिचर्ड बार्टर यांनी कॉर्क काउंटीत ब्लार्नीजवळ १८५६ साली तुर्की पद्धतीचं उष्ण हवेचं स्नानगृह उभारलं आणि तिथून ती टूम सगळ्या ब्रिटनभर पसरली. समुद्रशेवाळ घातलेल्या गरम पाण्यात डुंबायचं असेल, तर स्लायगो काउंटीतल्या एनिसक्रोनमध्ये १९१२ सालापासूनचं स्नानगृह आजही सुरू आहे.

१६. मोजा, हंसाची चरबी आणि गॅस गेलेलं सेव्हन-अप

घसा दुखतोय? मीठ गरम करून लोकरी मोज्यात भरा आणि गळ्याभोवती गुंडाळा. छाती भरलीय? हंसाची चरबी चोळा. पडसं? दुधात शिजवलेला कांदा. सांधे धरलेत? खिशात बटाटा ठेवा, तो वाळून कडक होताना दुखणं शोषून घेतो.

आणि सगळ्यांवर उतारा पोचीन, घरी गाळलेली जहाल दारू. माणसाच्या गुडघ्याला तीच, आजारी वासरालाही तीच. १६६१ साली तिच्यावर बंदी आली आणि आयर्लंडमध्ये तिची विक्री कायदेशीर झाली ती १९९७ साली. मधली सव्वातीन शतकं ती ‘औषध’ म्हणून कपाटात लपून होती.

परंपरा थांबत नाही याचा पुरावा म्हणजे सेव्हन-अप. पोट बिघडलं की आयरिश आई बाटली उघडून त्यातला गॅस घालवते आणि ते मिळमिळीत सेव्हन-अप मुलाला पाजते. डॉक्टर म्हणतात, साखर जास्त नि क्षार कमी, त्यापेक्षा ओआरएस द्या. आई ऐकेल तर शपथ.

१७. आपली सोयरीक

कावीळ पिवळी, म्हणून औषधही पिवळं, या न्यायानं आयर्लंडमध्ये बारबेरीची पिवळीधमक साल उकळून देत. ही बारबेरी आपल्या दारुहळदीच्याच प्रजातीतली, आणि दारुहळदही आपल्याकडे पिवळीधमकच. कापलं की तिथे प्लँटेनचं पान चुरगळून लावत; ते आपल्या इसबगोलाचं भावंड. मे महिन्याच्या सुमारास नेटलचा पाला तीनदा शिजवून खाल्ला की रक्त शुद्ध होऊन वर्षभर आजार फिरकत नाही, असं मानत. हात लागला की आग आग करणारं हे झुडूप शिजवल्यावर निमूट भाजी होतं.

१८. नाक दाबून वाचा

दातदुखी: जिवंत बेडूक तोंडात धरा. डांग्या खोकला, पुन्हा एकदा: मेंढीच्या लेंड्या दुधात उकळून, गाळून. नागीण: काळ्या मांजराच्या रक्ताचे थेंब. दाढी करताना कापलं: कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं चिकटवा. डोकेदुखी: ३१ जानेवारीच्या रात्री संत ब्रिजिडच्या नावानं फडकं घराबाहेर टाका आणि पुढे वर्षभर डोक्याला बांधा. या पाचांत निरुपद्रवी फक्त शेवटचा.

१९. हसू थांबतं ते इथे

खंगत चाललेलं मूल आपलं नव्हेच, परीलोकानं बदलून ठेवलेलं आहे, ही समजूत भयंकर ठरली. अशा मुलांना फॉक्सग्लोव्ह देत. त्याच वनस्पतीवर इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ग्रंथ लिहिला आणि हृदयविकाराचं औषध त्यातून जन्मलं. पण मात्रा जरा चुकली की तीच वनस्पती प्राण घेते.

१८९५ साली टिपररी काउंटीत ब्रिजिट क्लिअरी ही २६ वर्षांची तरुणी आजारी पडली. ‘ही माझी बायको नव्हे’ असं नवऱ्याच्या डोक्यानं घेतलं. आधी दुधात उकळलेली जडीबुटी जबरदस्तीनं पाजली, मग नातेवाइकांदेखत तिला जाळण्यात आलं. नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. बटव्यातलं सगळंच मायेचं नसतं.

२०. फी द्याल तर गुण जाईल

‘क्युअर’चा सर्वांत कडक नियम पैशांचा. उपचार करणाऱ्यानं पैसे मागायचे नाहीत, आणि कित्येक ठिकाणी रोग्यानं आभारही मानायचे नाहीत. मानले की गुण जातो. अंडी, तंबाखू, केक असं काहीबाही टेबलावर विसरल्यासारखं ठेवून यायची मुभा असे. हा वारसा घरातल्या घरात पुढे जाई, बापाकडून मुलीकडे, काकूकडून पुतण्याकडे. आजही आयर्लंडमध्ये भाजणं, नागीण, गजकर्ण यांसाठी डॉक्टरकडे जाऊन आल्यावर वाकडी वाट करून ‘क्युअर’वाल्याचं दार ठोठावणारे आहेत.

२१. पन्नास हजार छोटे वार्ताहर

हे सगळं आपल्याला कळलं कसं? १९३७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना एक अफलातून गृहपाठ दिला: घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून आणा. आयोगाच्या शॉन ओ’सुलिव्हान यांनी शिक्षकांसाठी विषयवार प्रश्नांची पुस्तिका केली. गावठी औषधं हा त्यातला एक विषय. १९३९ उजाडेपर्यंत २६ काउंट्यांतल्या सुमारे ५,००० शाळांतल्या सुमारे ५०,००० मुलांनी लिहून काढलं आणि एकंदर संग्रह झाला सुमारे ७,४०,००० पानांचा. तो आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये जपलेला आहे. आयोगाच्या संग्रहाला २०१७ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत स्थान मिळालं. अकरा ते चौदा वर्षांच्या पोरांनी आयर्लंडचा बटवा वाचवला. तेही शाळेच्या वेळात, निबंधाऐवजी!

तेव्हा दोन गोष्टी करा. ताप उतरत नसेल, दम लागत असेल, जखम चिघळत असेल तर गाढव शोधत न बसता सरळ डॉक्टर गाठा. आणि यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांच्या हातात एक कोरी वही देऊन त्यांना आजीसमोर बसवा. आजी सांगेल त्यातलं निम्मं शास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही. तरीही सगळं लिहून घ्या, कारण त्यातलं कुठलं निम्मं खरं निघणार, हे तपासणाऱ्याला आधी ते लिहिलेलं सापडायला हवं.